वाढ छान, झोन मात्र चुकीचा: फॅस्टिडियस (साध्या माध्यमावर न वाढणाऱ्या) जिवाणूंच्या सेन्सिटिव्हिटीत या चुका टाळा

सेन्सिटिव्हिटी चाचणीत प्रतिजैविकाच्या डिस्कभोवती जिवाणू वाढत नाहीत ते वर्तुळ म्हणजे झोन; त्याचा व्यास तक्त्याशी ताडून औषध लागू पडेल का ते ठरतं. प्लेटवर दाट वाढ दिसली की माध्यम बरोबर, असं धरून चालणं ही पहिली चूक. चॉकलेट अगारवर हिमोफिलस झकास वाढतो, म्हणून काही जण त्यावरच डिस्क ठेवून मोकळे होतात. तिथे मिळालेल्या झोनला लावायचा तक्ताच नाही. ब्रेकपॉइंट (तक्त्यातल्या झोनच्या मर्यादा) ठरतात ते ठरावीक माध्यमावर. सीएलएसआय या अमेरिकी मानक संस्थेच्या पद्धतीत हिमोफिलसला नेहमीचं माध्यम एचटीएम, म्हणजे म्युलर-हिंटन या मूळ अगारमध्ये (बेसमध्ये) लिटरमागे 15 मिग्रॅ हिमॅटिन, 15 मिग्रॅ एनएडी (हिमोफिलसला वाढायला लागणारा घटक) आणि 5 ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट; न्यूमोकोकसला म्युलर-हिंटनमध्ये 5 टक्के मेंढीचं रक्त. युकास्ट या युरोपीय समितीचं एमएच-एफ हे माध्यम दोघांनाही चालतं, पण त्यात 5 टक्के घोड्याचं रक्त आणि लिटरला 20 मिग्रॅ एनएडी लागतं. प्लेट एकाची आणि तक्ता दुसऱ्याचा, ही खिचडी नको.

हिमोफिलस उगवतच नसेल तर आधी एनएडीवर संशय घ्या. बेससोबत ऑटोक्लेव्हमध्ये गेलं असेल तर ते संपलंच. फिल्टरने निर्जंतुक करून, बेस 45–50 अंशांवर उतरल्यावरच घालायचं. ‘मेंढीच्या रक्तात असतंच की’ हे मी कितीदा ऐकलंय! असतं, पण तांबड्या पेशींच्या आत, आणि त्या रक्तातलं एनएडीएज हे एन्झाइम ते फस्त करतं.

कोट्रायमोक्सॅझोल या प्रतिजैविकाच्या झोनमध्ये धुकं (पुसट वाढ) दिसलं तर बेसमधल्या थायमिडिनकडे बघा, ते या औषधाचा परिणाम मारतं. तपासणीसाठीच्या एन्टरोकोकस फीकॅलिस एटीसीसी 29212 या स्ट्रेनचा झोन स्वच्छ आणि 20 मिमी किंवा जास्त यायला हवा.

एरिथ्रोमायसिनचा किस्सा सांगतो. न्यूमोकोकसच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणीच्या) स्ट्रेन एटीसीसी 49619 ला 25 ते 30 मिमी झोन हवा, आमच्याकडे सलग तीन दिवस 22. डिस्कची लॉट बदलली, मॅकफारलँड (जिवाणूंच्या द्रावाचा गढूळपणा) पुन्हा जुळवलं, फरक शून्य. शेवटी अगारची एक पट्टी कापून मोजपट्टीशेजारी उभी धरली, तर जवळपास 6 मिमी! कुणीतरी ‘अंदाजे’ ओतलं होतं, आणि जाड अगारात झोन लहानच येतो. 90 मिमीच्या प्लेटला 25 मिली मोजून ओतलं की 4 मिमी मिळतात.

जाडी ठीक असेल तर इनक्यूबेटरमधला कार्बन डायऑक्साइड तपासा. तो 5 टक्क्यांवर गेला की अगारचा पीएच आणखी उतरतो आणि मॅक्रोलाइडचा (एरिथ्रोमायसिनच्या गटाचा) जोर कमी पडतो. म्हणून गॅस बंद मात्र करू नका, तक्ता त्याच वातावरणासाठी आहे.

आणि न्यूमोकोकसचा झोन झाकण काढून, वरून वाचा. हिरवट हिमोलिसिसची (रक्तपेशी फुटून आलेल्या रंगाची) कड मोजू नका. प्लेट थोडी तिरकी केली की वाढीची खरी कड वेगळी दिसते.