प्रशिक्षण झाले, प्रमाणपत्र मिळाले. आता या चुका टाळा

दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर निसर्ग अभ्यासाचे प्रशिक्षण पूर्ण केलेले आठ-दहा नवे स्वयंसेवक आमच्या गटात येतात. पुण्याच्या टेकड्यांवर पक्ष्यांच्या नोंदी करणे आणि जवळपासच्या शाळांमधील मुलांना परिसर दाखवणे एवढेच आमचे काम आहे. तरीही चुका वर्षानुवर्षे त्याच होतात, आणि त्यांच्या मुळाशी बहुधा एकच घाई असते: समोर दिसेल त्याचे नाव सांगून मोकळे होण्याची.

यातील सर्वांत महागात पडू शकणारी चूक म्हणजे मुलांसमोर सापाचे नाव ठोकून देणे. काही वर्षांपूर्वी एका शाळेत सकाळची निसर्गफेरी सुरू होण्याआधी, स्वच्छतागृहामागे रचलेल्या विटांच्या कडेला मुलांना काळपट अंगाचा, पांढऱ्या पट्ट्यांचा साप दिसला. आमच्या नव्या स्वयंसेवकाने फोटो काढून अ‍ॅपमध्ये टाकला, पहिले नाव कवड्याचे आले, आणि ‘बिनविषारी आहे, या पुढे’ असे म्हणत त्याने मुलांना जवळ बोलावले. मी पोहोचले तेव्हा साप वेटोळे करून, डोके अंगाखाली दडवून निपचित पडला होता आणि एक मुलगा त्याच्यापासून जेमतेम दोन हातांवर उकिडवा बसला होता. फोटोत डोके आलेच नव्हते. पट्टे मात्र स्वच्छ दिसत होते: मानेकडे जवळजवळ नाहीत, मग बारीक आणि जोडीजोडीने, शेपटीकडे ठळक. ती मण्यार होती.

कवड्याचे पट्टे याच्या उलट, मानेपाशी ठळक असतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची ओळ असते हे पुस्तकात वाचायला उत्तम आहे, परंतु ती दिसेल इतके जवळ जाण्याचे स्वयंसेवकाला काहीही कारण नाही. मण्यार निशाचर असल्यामुळे दिवसा सुस्त असते आणि नवखे लोक त्या सुस्तीलाच गरीबपणा समजतात. तिच्या दंशाच्या जागी अनेकदा सूज किंवा वेदना जाणवतही नाही; विष मज्जासंस्थेवर परिणाम करते आणि काही तासांनी श्वास घेणे अवघड होते.

त्या दिवसापासून माझी सवय ठरून गेली आहे. मुलांना दहा पावले मागे घ्यायचे, एका शिक्षकांना लांबून सापावर नजर ठेवायला सांगायचे, वन विभागाला १९२६ या क्रमांकावर फोन करायचा आणि जाणकार येईपर्यंत त्याला फक्त ‘साप’ म्हणायचे. प्रशिक्षणात कोणी साप हाताळून दाखवला म्हणून आपल्याला तशी परवानगी मिळत नाही. कोणाला दंश झालाच, तर साप ओळखण्यासाठी त्याच्यामागे धावू नये. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर एकच प्रतिविष दिले जाते, त्यामुळे १०८ला फोन करून थेट रुग्णालय गाठावे.

दुसरी चूक दिसायला निरुपद्रवी आहे, म्हणून मला ती अधिक छळते: नोंदी रात्री घरी बसून आठवणीने लिहिणे. एकदा जून महिन्याच्या यादीत मला करडा धोबी सापडला. हा पक्षी आपल्याकडे हिवाळी पाहुणा असून उन्हाळ्यात उत्तरेकडे निघून गेलेला असतो. चौकशी केल्यावर कळले, की वेळ वाचवण्यासाठी जानेवारीचीच यादी पुढे चिकटवली होती. अशा एका नोंदीमुळे त्या स्वयंसेवकाच्या उरलेल्या सर्व नोंदी मला बाजूला ठेवाव्या लागल्या. याच आळसाचा दुसरा प्रकार म्हणजे कावळे, साळुंक्या आणि चिमण्या न लिहिणे. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर ओळखलेला प्रत्येक पक्षी नोंदवला, तरच यादी ‘पूर्ण’ धरली जाते, आणि अशा याद्यांमधूनच एखादा पक्षी दिसेनासा झाल्याचे कळते. चिमण्या कमी झाल्याची हळहळ मात्र सगळे करतात. मी गळ्यात दोरीने बांधलेली वही आणि शिसपेन्सिल वापरते. पावसात पेनाची शाई पसरते, पेन्सिल टिकते. पक्षी नजरेआड होताच उभ्या जागी लिहायचे, आणि ओळखला नसेल तर ‘ओळखला नाही’ असे लिहायचे.

मे-जूनमध्ये नवरंग हा पक्षी विणीसाठी येतो. तेव्हा फोनवर त्याची शीळ वाजवून त्याला झुडपाबाहेर काढणे म्हणजे नसलेल्या प्रतिस्पर्ध्याशी त्याला भांडायला लावणे होय. घरट्याची जागा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नये, ‘फक्त आपल्याच गटात’ सुद्धा नाही. उडायला शिकणारे पिल्लू जमिनीवर दिसले, तर ते खोक्यात घालून घरी नेऊ नये, कारण त्याचे आईबाप बहुधा जवळच्याच फांदीवर चारा घेऊन तुम्ही जाण्याची वाट पाहत असतात.

बीजगोळ्यांबद्दल मात्र थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण शाळांना तो कार्यक्रम फार आवडतो: तासाभरात माती मळून होते, फोटो छान येतात आणि टेकडीवर गोळे फेकले की पर्यावरण दिन साजरा. गोळ्यात कोणते बी आहे आणि ते कोठे पडणार, हे बहुधा कोणीच विचारत नाही. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प या परदेशी झाडाची दाटी आधीच आहे. शहराच्या पूर्वेकडचे माळरान ओसाड दिसत असले, तरी ते झाडे लावायची राहून गेलेली जागा नव्हे. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यातील चिंकारा अशाच खुल्या गवताळ भूभागावर राहतो आणि धाविक पक्षी तर उघड्या जमिनीवरच अंडी घालतो. त्यामुळे कोणत्याही शाळेने बीजगोळ्यांसाठी बोलावले, की मी मुलांना एक मीटर लांबी-रुंदीचा चौकोन दोरीने आखून देते आणि त्यातील गवताचे प्रकार मोजायला लावते. मुख्याध्यापक प्रथम जरा हिरमुसतात. मुले सहसा पाचव्या प्रकारापाशी भांडू लागतात, कारण कुसळी गवत वाळलेले असले की वेगळे मोजायचे की नाही, यावर त्यांचे एकमत होत नाही.