परिवीक्षा आणि सामुदायिक सेवेची अट: या चुका टाळा

‘कोर्टानं झाडू मारायला लावला’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. ते काम शिक्षा आहे, परिवीक्षेची (दोषी ठरल्यावर तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडण्याची) अट आहे की जामिनाची, हे आधी आदेशात पाहा. मे 2024 मध्ये पुण्यातल्या कल्याणीनगर अपघातानंतर अल्पवयीन चालकाला लिहायला सांगितलेल्या 300 शब्दांच्या निबंधावर ‘ही काय शिक्षा झाली?’ म्हणून लोक भडकले. राग समजण्यासारखा होता. पण ती बाल न्याय मंडळाची जामिनाची अट होती, शिक्षा नव्हे.

शिक्षा म्हणून सामुदायिक सेवा मागताना गुन्ह्याचं कलम तपासा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती मोजक्याच गुन्ह्यांना आहे: बदनामी, दारूच्या नशेत सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा, पहिल्यांदाच केलेली 5,000 रुपयांच्या आतली चोरी (तीही माल किंवा किंमत परत केल्यावर) आणि असे आणखी थोडे. दारू पिऊन गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याचं कलम 185 लागतं आणि त्यात तुरुंग, दंड किंवा दोन्ही, एवढंच आहे. ‘साहेब, त्याऐवजी समाजसेवा द्या’ ही विनंती शिक्षा म्हणून तिथे बसत नाही.

परिवीक्षेचं गणित वेगळं. 1958 च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमात सामुदायिक सेवेचं नावही नाही. कलम 4 मध्ये देखरेखीचा आदेश देताना राहण्याचं ठिकाण, दारूपासून दूर राहणं ‘किंवा इतर बाब’ अशा अटी घालता येतात. पण पुन्हा गुन्हा होऊ नये, हा त्यांचा हेतू हवा. खरी मर्यादा हीच. गुन्ह्याशी काडीचा संबंध नसलेलं, निव्वळ लाजवणारं काम असेल तर हरकत तिथेच, बंधपत्रावर (अटी पाळण्याच्या लेखी हमीवर) सही करण्याआधी घ्या. सही करून मग वकिलाकडे धावणारे पुष्कळ. त्यांना अपिलाचा रस्ता असतो, पण तो लांबचा.

कामाच्या तासांची कमाल मर्यादा या कायद्यात शोधू नका. बंधपत्र मात्र 3 वर्षांपलीकडे जात नाही. म्हणून काय काम, कुठे, किती वेळ, हजेरी कोण लावणार, हे आदेशात लिहून घ्या. अटी समजावून सांगणं आणि आदेशाची प्रत देणं कोर्टावर बंधनकारक आहे. ‘अजून चार रविवार या’ असं तोंडी सांगून कुणी अट वाढवू शकत नाही. तुमच्यावर देखरेख करणाऱ्या परिवीक्षा अधिकाऱ्यानं अर्ज करायचा आणि बदल कोर्टानं करायचा, असं कलम 8 सांगतं. काम झेपत नसेल तर तुम्हीही आधी त्याच अधिकाऱ्याला गाठा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पहिल्यांदा अट मोडली तर 50 रुपयेच दंड, म्हणून निर्धास्त राहणं. कलम 9 मध्ये तो आकडा आहे खरा, पण दंडावर सोडायचं की मूळ गुन्ह्याची शिक्षा द्यायची, हे कोर्ट ठरवतं. आजारी पडलात तर त्याच दिवशी अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि डॉक्टरांचा दाखला जोडा.