थंडीत कुत्रा आत की बाहेर? आधी त्याच्या खालचं पोतं चाचपून बघा

डिसेंबर लागला की मला हमखास विचारतात, कुत्र्याला रात्री घरात घ्यायचा की बागेतच सोडायचा. माझं उत्तर दरवर्षी तेच. आत-बाहेर मागाहून बघू, आधी पहाटे पाचला उठा आणि तो झोपतो त्या पोत्यावर तळहात दाबून धरा. हात ओला झाला तर कुत्रा पडवीत असो नाहीतर पोफळीखाली, महिनाभरात खोकायला लागणार म्हणून समजा.

आपल्याकडे गोव्यात थंडी ती काय हो, जानेवारीत पणजीला पहाटे पारा २० च्या आसपास, सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या भागात त्याहून थोडा खाली. धडधाकट गावठी कुत्र्याला सुकी जागा मिळाली तर एवढ्या थंडीचं काही वाटत नाही, पण कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, सुकी जागा असते कुठे? पाटाचं पाणी, शिंपणं, रात्रीचं दंव, आणि वर आपण मायेने घातलेलं गोणपाट, ते तर स्पंजासारखं पाणी ओढतं.

दोन वर्षांमागे वाळपईच्या बाजूला एका ओळखीच्या माणसाच्या कुळागरात बघितलेलं सांगतो. कुत्रा चांगला, माकडांना झाडावर टेकू न देणारा, मांगराच्या (बागेतल्या खोपीच्या) मागे साखळीने बांधलेला. त्याच्यापासून दोन हातांवर पाट. संध्याकाळी पाणी सोडलं की पाझरून पोत्याखाली यायचं, वरून पोतं सुकं दिसायचं म्हणून कुणी उचलून बघितलं नाही. मी उचललं तर खाली पांढरी बुरशी आणि गांडुळं! तोवर तो नाकातून घट्ट शेंबूड गाळत होता, आठवड्यात गेला. त्याच्या मागोमाग रानडुकरांनी कणगांचा (कंदांचा) मळा दोन रात्रीत नांगरल्यासारखा उकरला. असं मी एकदाच नाही बघितलं, दर थंडीत एखादा तरी असतोच.

जागा करायची तर विकत काही आणू नका. चार चिरे, त्यावर जुन्या फळ्या नाहीतर दुकानातलं लाकडी पॅलेट, जमिनीपासून वीतभर उंच, खालून हवा खेळली पाहिजे. त्यावर भाताचं सुकं गवत जाड थर करून, चार दिवसांनी उन्हात टाकायचं. वर झावळ्या आणि पोफळीच्या विरी (पानांची रुंद सुकी वेष्टनं), पाठ पूर्वेकडे, कारण रात्री घाटावरून उतरणारा वारा तिकडूनच येतो. खताची प्लास्टिकची पिशवी खाली घालू नका, अंगाची वाफ त्यातच धरते, म्हणजे परत ओलच.

मागच्या मोसमात बाजारात एका दुकानदाराने मला कुत्र्याचं जॅकेट, इम्पोर्टेड गादी आणि कॅल्शियमचं टॉनिक असं सगळं गळ्यात मारायला काढलं होतं. जॅकेट दंवाने भिजलं की ओलं पोतं अंगावर बांधल्यासारखंच झालं की नाही! टॉनिकच्या पैशात महिनाभर पेज आणि बांगड्याची डोकी येतात (उकडून, काटे काढून, मीठ न घालता).

आता आत की बाहेर. जंगलाला लागून गाव असेल, म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव अभयारण्यांच्या कडेची मंडळी, तर रात्री बाहेर साखळीला बांधायचा नाहीच, बिबट्याला ते वाढलेलं ताट आहे. बंद मांगरात नाहीतर जाळी लावलेल्या पडवीत घ्या, तिथून भुंकला तरी डुक्कर बिचकतं. पिल्लं, म्हातारा कुत्रा, व्यालेली कुत्री, हे सगळे आत. पहिले दोन-तीन आठवडे पिल्लांना स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही, त्यांच्या खालचं गवत रोज बदला. बाकी तरणा कुत्रा, किनारपट्टीचा गाव, सुकी उंच जागा, तर खुशाल बाहेर. आतमध्ये नुकत्याच पुसलेल्या फरशीवर झोपवणार असाल तर त्यापेक्षा बाहेरच बरा.

माझा एक आडाखा आहे, डॉक्टर हसतात पण मला अजून चुकलेला नाही. पहाटे कुत्रा चारी पाय ताणून आडवा असेल तर जागा बरोबर. नाक शेपटीत खुपसून गोळा झाला असेल तर थंडी वाजतेय. आणि उभाच असेल, बसतच नसेल, तर खाली ओल आहे.

ताप मोजायचा तर गुदद्वारात थर्मामीटर, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट नॉर्मल, १०३ च्या वर गेला किंवा झोपेत मिनिटाला ३० च्या वर श्वास मोजलेत तर सरळ सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना. घरातली तापाची आणि अंगदुखीची गोळी देऊ नका, आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, किडनी जाते.

बाकीची कामं, थोडक्यात:
– अँटी-रेबीज लस वर्षाला एकदा, मिशन रेबीज ही संस्था फुकट देते
– पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांत पार्वो-डिस्टेंपरची पहिली लस
– जंताचं औषध वजन करून, फेनबेंडाझोल किलोला ५० मिलीग्रॅम, तीन दिवस
– आंघोळ दुपारी उन्हातच, संध्याकाळी नाही
– काजूवर ढेकण्या किडीसाठी लॅम्डा सायहॅलोथ्रिन हे कीटकनाशक लिटरला ०.६ मिली मारता तेव्हा कुत्रा बांधून ठेवा, झाडाखालचं पाणी पिऊ देऊ नका

गोचिडीचं मात्र थोडक्यात उरकता येणार नाही. गोचिडी चावून माणसाला होणाऱ्या माकडतापाचा मोसम हाच, डिसेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत, आणि २०१५ ला सत्तरीत त्याची साथ आली तेव्हा काय झालं ते काजूत राबणाऱ्यांना विचारा. रानात फिरून आलेला कुत्रा रात्री आत घेणार असाल तर दारातच कानामागे, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली हात फिरवा, सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून ओढा, बोटाने चिरडू नका. गुरांचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन अंदाजाने टोचू नका, दुकानदार काहीही म्हणो, काही जातींचे कुत्रे त्याने मरतात. आणि हो, ह्या गोचिड्या जुन्या पोत्याच्या शिवणीत अंडी घालून बसतात. ते पोतं उलटून बघा म्हटलं तर अजून कुणी बघत नाही.