टेललाइटला घरच्या घरी काळसर छटा : स्प्रे कसा मारायचा आणि कुठे मारायचा नाही

टेललाइट काळसर करायची म्हटलं की हात आधी स्प्रेच्या डब्याकडे जातो. मी सांगेन, आधी अंधार पडू द्या. गाडी सपाट, मोकळ्या जागी लावा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवा. कुणाला तरी आत बसवा आणि आपण मागे दहा पावलांवर, जरा बाजूला उभे राहा. पार्किंग लाइट, ब्रेक, इंडिकेटर, रिव्हर्स असं एकेक लावायला सांगा आणि प्रत्येकाचा फोटो काढून ठेवा.

फोटो बघितले की लक्षात येतं, दिव्याच्या काचेचा बराचसा भाग कधी उजळतच नाही. कडेची पट्टी, दोन कप्प्यांमधली चकचकीत जागा, निमुळते कोपरे, यातून उजेड बाहेर येत नाही. तिथे खुशाल काळं करा. गाडी उभी असताना मागून जो गडद, घट्ट लुक हवा असतो तो मुख्यतः याच जागांमुळे येतो. उजळणाऱ्या भागावर रंग मारायचा का, हा प्रश्न वेगळा आणि त्याचं गणित आधी बघायला हवं.

समजा, रंगाचा एक हात ८० टक्के उजेड बाहेर सोडतो. दुसऱ्या हातानंतर तो ६४ टक्के उरतो, तिसऱ्यानंतर ५१. तीन हात डोळ्यांना फार काळे वाटतही नाहीत, पण जवळजवळ अर्धा उजेड गेलेला असतो. रिफ्लेक्टरची गत याहून वाईट. त्याला स्वतःचा दिवा नसतो. मागच्या गाडीचा उजेड आत जाताना एकदा आणि परत फिरताना एकदा, असा दोनदा रंगातून जातो, म्हणून त्याच तीन हातांनंतर त्याच्याकडे उरतो २६ टक्के. गाडी रात्री रस्त्याकडेला बंद पडली तर मागच्याला तुमची चाहूल देणारा तोच एक असतो.

माझ्या पहिल्या जोडीला मी हौसेने चार हात मारले होते. गाडी काय दिसत होती म्हणून सांगू! पहिल्याच फेरीला धाकटा भाऊ त्याच्या गाडीतून मागे होता. चहाला थांबल्यावर उतरला आणि म्हणाला, "दादा, तुझे ब्रेक लाइट गेलेत." गेले नव्हते. दुपारचे दोन वाजले होते, इतकंच.

संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांत टेललाइटसाठी किमान ४ कॅन्डेला आणि ब्रेक लाइटसाठी किमान ६० कॅन्डेला तीव्रता सांगितली आहे. ब्रेकला एवढा जोर लागतो कारण त्याची गाठ भर उन्हाशी असते. काचेवर गोलात 'ई' अक्षर आणि शेजारी आकडा कोरलेला दिसतो, तो हा दिवा अशा चाचणीतून पास झाल्याची खूण. वरून रंग बसला की चाचणीत पास झालेला दिवा तो राहत नाही. अनेक देशांत मागच्या दिव्यांवर असा रंग चढवून रस्त्यावर उतरायला कायद्याने मनाई आहे आणि अपघात झाला तर विम्याच्या दाव्यातही हा मुद्दा निघू शकतो. तुमच्याकडचा नियम डबा विकत घेण्याआधी वाचा. मी स्वतः आता उजळणारा भाग, रिफ्लेक्टर, इंडिकेटर आणि रिव्हर्स लाइट पूर्ण झाकतो आणि फक्त न उजळणाऱ्या जागा रंगवतो. संपूर्ण काळी जोडी हवीच असेल तर भंगारातून जुनी जोडी आणून ती प्रदर्शनापुरती रंगवा आणि मूळ दिवे कापडात गुंडाळून जपून ठेवा. पहिल्यांदाच करत असाल तर जुन्या दिव्यावर हात बसवून घेणं तसंही बरं. आजकालचे एलईडी दिवे एकसंध सीलबंद येतात, बिघडला तर अख्खा बदलावा लागतो.

सामानात सगळ्यात महत्त्वाचा तो स्प्रे. साधा काळा रंग चालत नाही, तो उजेड अडवतो. दिव्यांसाठी खास पारदर्शक काळसर रंग मिळतो, व्हीएचटी कंपनीचा 'नाइट शेड्स' हा त्यातला ओळखीचा. त्याशिवाय प्लास्टिकवर चालणारा क्लिअर कोट (रंगावर मारायचा पारदर्शक थर), ८०० आणि १००० नंबरचे वॉटर पेपर, शेवटच्या कामासाठी १५०० आणि २०००, चांगला मास्किंग टेप, जुनी वर्तमानपत्रं, मायक्रोफायबर कापड, भांडी घासायचा साबण, रबिंग कंपाउंड आणि हातमोजे. क्लिअर कोट घेताना डबा उलटा करून वाचा. टू-के, म्हणजे हार्डनर हा कडक करणारा दुसरा घटक असलेल्या क्लिअरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फुप्फुसांना फार घातक, साधा कापडी मास्क त्याला पुरत नाही. त्यासाठी योग्य रेस्पिरेटर नसेल तर एक घटकाचा साधा क्लिअर घ्या. टिकतो थोडा कमी, चालेल.

दिवा गाडीवर ठेवून रंगवता येतो, पण बंपरवर रंगाची धूळ बसते आणि कडा कधीच नीट होत नाहीत. तेव्हा काढा. बहुतेक गाड्यांत डिकीच्या आतलं अस्तर बाजूला केलं की दोन-तीन नट दिसतात. ते सोडवा, कपलर काढा, होल्डर फिरवून बल्ब बाहेर घ्या. दिवा बाहेरून हलक्या हाताने मागे ओढायचा. अडला तर जोर लावू नका, कुठेतरी क्लिप किंवा राहिलेला नट असतो. मागची भोकं टेपने बंद करा, नाहीतर घासताना आत पाणी जाईल आणि मग आठवडाभर काचेमागे वाफ बसलेली बघत राहाल. रबर पॅकिंग वेगळं काढून ठेवा.

आता धुणं. साबणाच्या पाण्याने, दोनदा. काचेवर पूर्वीचं वॅक्स किंवा सिलिकॉन पॉलिश राहिलं तर रंग तिथे माशाच्या डोळ्यासारखी गोल गोल भोकं पाडतो. मात्र घाईने थिनर किंवा अॅसिटोन लावू नका. आपण हिला काच म्हणतो खरी, पण टेललाइटला सहसा अॅक्रिलिक प्लास्टिक असतं. थिनर लागला की त्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात आणि त्या कशानेही जात नाहीत.

रिफ्लेक्टरवर घासण्याच्या आधीच टेप लावा. मग ८०० चा पेपर पाण्यात भिजवून, पाणी सोडत, एकाच दिशेने हलक्या हाताने घासा. नंतर १०००. गुळगुळीत प्लास्टिकवर रंगाला पकड मिळत नाही, म्हणून हा खटाटोप. सगळी चकाकी जाऊन काच एकसारखी दुधाळ दिसली पाहिजे. कुठे चमकणारा ठिपका राहिला तर रंग पहिल्यांदा तिथूनच सुटणार. ही दुधाळ काच बघून पहिल्या वेळी माझ्या पोटात गोळा आला होता. तुमच्याही आला तर त्यावर थोडं पाणी टाका. क्षणभर ती पुन्हा आरपार दिसते. पाणी बारीक चरे भरतं, म्हणून असं होतं. शेवटचा क्लिअर कोट तेच काम कायमचं करतो. मग धुवा, पूर्ण वाळवा, आणि आता बोटं लावू नका.

सुरुवातीला काढलेले फोटो समोर ठेवून उजळणाऱ्या भागावर मास्किंग टेप लावा. कड नखाने दाबून बसवा, विशेषतः वळणावर. या टप्प्याला दिलेला अर्धा तास शेवटी दिसतो.

स्प्रे उघड्या हवेत पण वारा नसलेल्या जागी, आगीपासून लांब. दमट दिवस टाळा, ओलाव्याने रंगावर पांढुरकी साय धरते. डबा थंड असेल तर कोमट पाण्यात काही मिनिटं ठेवा, गरम पाण्यात कधीही नको. आतली गोळी खडखडू लागल्यावरही आणखी मिनिटभर हलवा आणि पहिली फवारणी पुठ्ठ्यावर मारून बघा.

डबा दिव्यापासून २० ते ३० सेंटीमीटर. फवारा दिव्याच्या अलीकडे सुरू करायचा आणि पलीकडे जाऊन थांबवायचा, मध्ये बोट उचलायचं नाही. दिवा वळतो तसा हातही वळला पाहिजे, मनगट फिरवून भागत नाही. पुढचा पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवा. पहिला हात इतका विरळ असावा की नुसते ठिपके उडाल्यासारखे वाटतील. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो, जाड थर मारला जातो आणि ओघळ येतात. आला ओघळ तर पुसू नका. वाळू द्या, १००० ने घासा, पुन्हा मारा. दोन हातांमध्ये साधारण दहा मिनिटं, किंवा डब्यावर लिहिली असेल ती वेळ. दोन्ही दिवे शेजारी ठेवून आळीपाळीने रंगवा. एक पुरा करून दुसरा घेतलात तर छटा जुळणार नाही. न उजळणाऱ्या जागेवर तीन हात पुरतात.

शेवटच्या हातानंतर रंग हाताला चिकटेनासा झाला, पण अजून पुरता कडक झालेला नाही, तेव्हा उजळणाऱ्या भागावरचा टेप मागच्या बाजूला दुमडून सावकाश ओढा. रिफ्लेक्टरवरचा राहू द्या. क्लिअर कोट कधी मारायचा याची वेळ डब्यावर असते, ती पाळा. चुकीच्या वेळी मारलेला क्लिअर खालचा रंग सुरकुतवतो. क्लिअरचे दोन-तीन हात सगळ्या काचेवर घ्या, पहिला विरळ, नंतरचे जरा ओलसर. दुधाळपणा डोळ्यांदेखत नाहीसा होतो. या सगळ्या खटाटोपात मला सगळ्यात आवडणारी वेळ हीच.

किमान २४ तास हात लावू नका. मग १५०० आणि २००० च्या ओल्या पेपरने खडबडीतपणा काढून कंपाउंडने चमकवा. कडांवर जपून, तिथे थर पातळ असतो. रिफ्लेक्टरवरचा टेप काढा, पॅकिंग जागेवर बसवा, नट हाताने घट्ट होईपर्यंत आणि वर थोडासाच पाना. जास्त आवळलं तर प्लास्टिक तडकतं. महिनाभर वॅक्स नको आणि गाडी धुताना प्रेशरचं पाणी तिथे मारू नका.

तपासणी दोन वेळा. रात्री पुन्हा त्याच जागेवरून तेच फोटो काढून आधीच्यांशी ताडून बघा. आणि भर दुपारी, ऊन थेट दिव्यावर असताना, पन्नास पावलांवर उभे राहा. आतल्या माणसाला इशारा न देता मधूनमधून ब्रेक दाबायला आणि किती वेळा दाबला ते मनात मोजायला सांगा, आणि तुम्ही मोठ्याने मोजा. त्याचा आणि तुमचा आकडा जुळला नाही तर रंग उतरवा : पुन्हा ८०० चा ओला पेपर, रंग पूर्ण निघेपर्यंत, मग १००० आणि वरून क्लिअर. माझे ते चार हात चढवायला दोन तास लागले होते, उतरवायला अख्खा रविवार गेला.