ट्रॅक्टरचं इंजिन बांधताना कुठे कुठलं सीलंट लावायचं आणि कुठे अजिबात नाही

इंजिन बांधायला काढलं की दुकानदार किटसोबत सिलिकॉनची, म्हणजे फटी बुजवणाऱ्या सीलंटची, एक ट्यूब हातात देतो आणि बरेच मिस्त्री त्याच एका ट्यूबने वरच्या हेडपासून खालच्या चेंबरपर्यंत (तेलाच्या टाकीपर्यंत) सगळं लेपून मोकळे होतात. मला हे बिलकुल पटत नाही. एका ट्यूबने अख्खं इंजिन बांधता येत नाही, प्रत्येक जोडाची गरज वेगळी असते आणि अर्ध्या जागांना तर काहीच लागत नाही.

इंजिन उघडलंय, ब्लॉक धुतलाय, नवं पॅकिंग किट (गॅस्केटचा संच) आणलंय असं धरून चालतो. जुनं पॅकिंग ब्लेडने खरवडा, ग्राइंडरला एमरी लावून नाही, कारण ती भुकटी तेलाच्या वाटांत शिरते आणि शेल, म्हणजे क्रँकचे बेअरिंग, खाते. मग थिनरच्या फडक्याने पुसा, ज्या जागेला तुमच्या बोटाचं तेल लागलंय तिथे कुठलंही सीलंट धरत नाही.

लायनरच्या (ब्लॉकमधे बसणाऱ्या सिलेंडरच्या नळ्याच्या) रबरांना सिलिकॉन नको, साबणाचं पाणी लावून बसवा. तेलाने काही जातीचं रबर फुगतं म्हणून मी ऑइलही लावत नाही.

हेड गॅस्केट कोरडंच बसवायचं. ना ग्रीस, ना चिकट बॉन्ड, ना चांदीचा रंग. हेड वाकडं असेल तर ते बॉन्डने सरळ होत नाही, ते मशीनवर सपाट करायला, सरफेसिंगला द्यावं लागतं.

आता आटे. हेडच्या स्टडचं किंवा बोल्टचं भोक खाली पाण्याच्या जॅकेटमधे (ब्लॉकमधल्या थंड पाण्याच्या पोकळीत) उघडतंय का ते आधी तार घालून बघा. उघडत असेल तर त्या आट्यांना थ्रेड सीलंट लागणारच, नाहीतर पाणी आट्यांतून वर चढतं आणि आपण उगाच हेड गॅस्केटला दोष देत बसतो. भोक बंद असेल तर त्यात तेल किंवा सीलंट साठू देऊ नका, बोल्ट आवळला की खालचं तेल दाबलं जातं, त्याला जायला जागा नसते आणि बीड तडकतं. कॉम्प्रेसरची हवा मारून भोक कोरडं करा, मगच बोल्ट घाला. ऑइल प्रेशरचा स्विच, ब्लॉकचे प्लग अशा निमुळत्या आट्यांना लॉक्टाइट 567 सारखी पांढरी पेस्ट लावा, पुढचे एकदोन आटे कोरडे सोडून. नळाची टेफ्लॉन टेप डिझेलच्या लाइनवर कुणी गुंडाळलेली दिसली की मला राग येतो, तिचा एक धागा सुटून पुढे गेला की पंप नाहीतर नोझल गेलं समजा. तिथे सील आटे करतच नाहीत, ते काम पाइपच्या टोकाचं नाहीतर तांब्याच्या वायसरचं असतं. वायसर नवा घ्या, नसेल मिळत तर जुना लालबुंद तापवून पाण्यात टाका, परत मऊ होतो. आणि 243 सारखं निळं लॉक्टाइट बोल्ट ढिला होऊ नये म्हणून असतं, गळती थांबवायला नाही. कनेक्टिंग रॉड आणि मेन बेअरिंगच्या बोल्टला मॅन्युअलमधे लिहिल्याशिवाय काही लावू नका, टॉर्क (आवळण्याचा ठरलेला जोर) चुकतो.

खरी कसोटी चेंबरची. ट्रॅक्टरचं चेंबर बहुतेक बिडाचं असतं, जड, आणि खालून जॅकवर चढवताना ते डुलतं, पॅकिंग सरकतं आणि लावलेलं सिलिकॉन फासलं जातं. मी बांधलेलं दुसरंच इंजिन होतं, तीन सिलेंडरचं, गळती नको म्हणून मी चेंबरला बोटभर जाड सिलिकॉन लावलं. खरंच थेंब गळला नाही. पण साधारण चाळीस तास चालल्यावर ऑइलचा काटा खाली यायला लागला, चेंबर उतरवलं तर ऑइल पंपाच्या जाळीवर लाल सिलिकॉनचे गांडुळासारखे तुकडे चिकटलेले, दोन शेल घासलेले आणि क्रँक ग्राइंडिंगला. बाहेर जेवढं सिलिकॉन दाबून निघालेलं दिसतं तेवढंच आतही निघालेलं असतं, ते आपल्याला दिसत नाही एवढंच.

तेव्हापासून मी असं करतो. आदल्या संध्याकाळी पॅकिंग फक्त चेंबरच्या बाजूला सीलंटचा पातळ थर देऊन चिकटवायचं आणि वर सपाट वजन ठेवून रात्रभर सोडायचं. सकाळी ब्लॉकच्या समोरासमोरच्या दोन भोकांत लांब बोल्ट घालायचे, डोकी कापलेले, म्हणजे चेंबर त्या खुंट्यांवरून सरळ वर चढतं, सरकत नाही. सिलिकॉन फक्त चार कोपऱ्यांत, जिथे टायमिंग कव्हर आणि मागचं सील हाउसिंग ब्लॉकला भेटतं, कारण तिथे बारीकशी पायरी असते आणि पॅकिंग ती भरू शकत नाही. तिथे ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका पुरतो. वर साय धरायच्या आत, म्हणजे दहा मिनिटांत, चेंबर चढवून बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने आवळायचे.

सिलिकॉन घेताना वास बघा. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ते खिडकीच्या काचेला लावतात त्या जातीचं, इंजिनाला नको, त्यातून ऍसिड सुटतं आणि लोखंड गंजतं. डिझेल लागतं तिथे तर साधं सिलिकॉन कुठलंच टिकत नाही, फुगून सुटतं. जिथे दोन मशीन केलेले जाड भाग पॅकिंगशिवाय बसतात तिथे ऍनारोबिक घ्या, ते हवा तुटली की घट्ट होतं, म्हणून तर त्याची बाटली कधी काठोकाठ भरलेली नसते. पत्र्याच्या टॅपेट कव्हरला मात्र ते चालत नाही, फट मोठी पडते.

अजून एक, आपल्याकडे एप्रिल-मेमधे सगळ्यांना वाटतं उन्हात सिलिकॉन पटकन वाळेल. ते रंगासारखं वाळत नाही, हवेतल्या ओलाव्याने पिकतं, चांगल्या दमट हवेत चोवीस तासांत दोन-तीन मिलिमीटर. कोरड्या उन्हाळ्यात उलट जास्त वेळ लागतो, मी शेडमधे ओलं पोतं टाकतो आणि दोन दिवस तेल ओतत नाही.

मग तेल भरून डिझेल तोडणारा स्टॉप ओढलेला ठेवून सेल्फ मारा, प्रेशर चढलं की चालू करा. पहिलं तेल लवकर बदला आणि जुना फिल्टर फेकू नका, फाडून आतला कागद उलगडून बघा. सिलिकॉनचा एक जरी तुकडा सापडला तर नवं तेल ओतायच्या आधी चेंबर परत खाली घ्या.