मुलगी सॉफ्टबॉलला जाते म्हणतेय? मग आधी हे वाचा

दर जानेवारीत न्यू जर्सीत नव्याने आलेल्या कुणाचा तरी फोन येतोच. मुलगी नववीत किंवा दहावीत, शाळेत नवी, मैत्रिणी नाहीत, आणि कुणीतरी तिला सॉफ्टबॉलच्या ट्रायआउटला, म्हणजे संघनिवडीच्या चाचणीला, ये म्हटलेलं असतं. आईबाबांचा प्रश्न ठरलेला: "तो मुलींचा हलका बेसबॉल ना?"

हलका नाही हो. दुकानात जा आणि तो पिवळा चेंडू हातात घेऊन बघा. घेर १२ इंच, वजन १८० ते २०० ग्रॅम. आपला सीझन बॉल १६० ग्रॅमच्या आसपास असतो. मी जळगावची. आमच्याकडे शाळेत सॉफ्टबॉल होता, त्यामुळे मला वाटायचं की मला सगळं ठाऊक आहे. इथे शाळेच्या मैदानावर पहिला सामना बघितला आणि गप्प बसले.

माझ्या दोन मुली इथे शाळेच्या संघातून खेळल्या. दोघींत अकरा वर्षांचं अंतर, त्यामुळे एकाच घरात मला दोन वेगळे खेळ बघायला मिळाले. थोरली 'स्लॅपर' होती. डावखुरी उभी राहायची, पिचरचा (चेंडू टाकणारीचा) हात फिरला की धावत पुढे यायची, चेंडूला नुसती टपली मारायची आणि पहिल्या बेसकडे, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या टप्प्याकडे, सुटायची. मग पुढचीने बंट करून, म्हणजे बॅट आडवी धरून चेंडू जवळच टाकून, तिला दुसऱ्या बेसवर न्यायचं. असं रखडत रखडत एक धाव, आणि सामना १-० ने खिशात. धाकटीच्या वेळी बंटची खूण दिसली तर आम्ही बाकावरचे पालक एकमेकांकडे बघायचो. सगळ्यांना कुंपणापलीकडे मारायचं होतं.

हे झालं कसं? एक कारण सरळ नियमाचं. शाळेत पिचर पूर्वी ४० फुटांवरून चेंडू टाकायची, २०१०-११ च्या मोसमापासून देशभर ४३ फूट झालं. थोरली त्याच वर्षी हायस्कूलला गेली. ताशी ६० मैलांचा चेंडू तीन फूट कापायला साडेतीन शतांश सेकंद घेतो. तुम्हाला हसू येईल, पण चेंडू सुटून बॅटरपर्यंत पोचायलाच मुळात सुमारे ०.४ सेकंद लागतात. त्यात एवढी जास्तीची उसंत म्हणजे बॅटरला मोठंच घबाड! त्यात कार्बन फायबरच्या बॅट आल्या, मुली वेट रूममध्ये जाऊ लागल्या, आणि टीव्हीवर कॉलेजचे सामने घरोघर दिसू लागले. धाकटी नववीत होती त्या २०२२ च्या मार्चमध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाच्या जोसलिन ॲलोने ९६ वा होम रन (थेट कुंपणापलीकडचा फटका) मारून कॉलेज कारकिर्दीचा विक्रम मोडला. तोही स्वतःच्या घरच्या हवाईत जाऊन. आधीचा ९५ चा विक्रम त्याच विद्यापीठाच्या लॉरेन चेंबरलेनचा. ॲलो थांबली १२२ वर. त्या आठवड्यात आमच्या गाडीत दुसरा विषय नव्हता.

आता तुमच्या कामाचं.

न्यू जर्सीत शाळेचा मोसम वसंतात असतो. जॉर्जियात तो शरद ऋतूत येतो, तिकडे जाणार असाल तर तारखा वेगळ्या धरा. ट्रायआउटआधी डॉक्टरकडून स्पोर्ट्स फिजिकलचा, म्हणजे खेळासाठीच्या तब्येत तपासणीचा, फॉर्म भरून आणावा लागतो. नव्या पेशंटला डॉक्टरची वेळ मिळायला आठवडे लागतात, म्हणून फोन जानेवारीतच करा. फॉर्म नाही तर ट्रायआउट नाही. त्यात कुणी ओळखपाळख चालवत नाही. पहिल्या वर्षी व्हर्सिटीत (शाळेच्या मुख्य संघात) नाव नाही आलं तर घरात सुतक धरू नका, जेव्हीत (दुसऱ्या फळीच्या संघात) रोज खेळायला मिळणं केव्हाही बरं.

बॅटीबद्दल मात्र नीट ऐका, कारण इथे मी पैसे घालवलेत. धाकटीसाठी मी ऑनलाइन स्वस्तात एक बॅट घेतली. दिसायला झकास. पहिल्याच सामन्याआधी अंपायर कुंपणाला टेकवून ठेवलेल्या बॅट एकेक उचलून बघत होता. आमची उचलली, दांड्यावर अंगठा फिरवला आणि बाजूला ठेवली. तिच्यावर दुसऱ्याच संघटनेचा शिक्का होता. शाळेच्या सामन्यात एएसए किंवा यूएसए सॉफ्टबॉलचा (एकाच संघटनेचं जुनं आणि नवं नाव) शिक्का लागतो. तो नसलेली बॅट घेऊन मुलगी उभी राहिली तर तिला बादच देतात. विकणाऱ्याने बॅट परत घेतली नाही. ती अजून गॅरेजमध्ये आहे, चोर आला तर उपयोगी पडेल.

बॅटीचा 'ड्रॉप' म्हणजे इंचातली लांबी वजा औंसातलं वजन. ३३ इंची, २३ औंसांची बॅट म्हणजे ड्रॉप १०. नव्या मुलीला जड बॅट देऊन ताकद येत नाही. ती उशिरा फिरते आणि मनगट दुखतं ते वेगळंच. वरच्या दर्जाची नवी बॅट ४०० डॉलरच्या पुढे जाते. पहिल्या वर्षी कुणाची तरी जुनी मागा, इथे त्यात कमीपणा नाही. कॉम्पोझिट (कार्बन फायबरची) बॅट ६० अंश फॅरनहाइटच्या खाली वापरली तर तडकू शकते, आणि आमच्याकडे मार्चमध्ये ६० अंश कुठले! थंडीत सरावाला ॲल्युमिनियमची वापरायची. केजमधल्या, म्हणजे सरावाच्या जाळीतल्या, चेंडू फेकणाऱ्या मशीनचे खळगे असलेले कडक चेंडूही महागड्या बॅटीने मारू देऊ नका.

आता बाबांसाठी. माझा नवरा दादरचा, शिवाजी पार्कवर वाढलेला. धाकटीला टीवरून (चेंडू ठेवायच्या दांडीवरून) मारताना बघून तो दर दोन मिनिटांनी म्हणायचा, "चेंडू जमिनीवर ठेव गं, हवेत मारलास तर कॅच जाईल." मुंबईच्या मैदानांवर हा वेदमंत्रच. पण इथे बेस ६० फुटांवर आहेत, आतल्या फील्डर अगदी अंगावर उभ्या असतात. सरळ हाती गेलेला सरपटी चेंडू त्या पहिल्या बेसला फेकतात, की तीन सेकंदांत आउट. म्हणून कोच सांगतात, चेंडूच्या किंचित खालून, मागचा कूल्हा फिरवून, पूर्ण ताकदीने. केजमध्ये रडारवर चेंडू बॅटीवरून किती वेगाने सुटला ते दिसतं, मुली तो आकडा परीक्षेच्या मार्कांसारखा एकमेकींना सांगतात. शेवटी कोचने नवऱ्याला हसत विचारलं, सर, स्कोअरबुक लिहायला याल का? तेव्हापासून तो गप्प आणि खूश.

याचा दुसरा अर्थ असा की मुली स्ट्राइकआउट, म्हणजे फटका न बसताच बाद, भरपूर होतात. दहातून तीन वेळा हिट (बेसवर पोचवणारा फटका) मिळाली तरी बॅटर चांगली. माझ्या सासूबाई भारतातून आल्या होत्या, एका सामन्यानंतर मला हळूच म्हणाल्या, "अगं, तीनदा आउट झाली आणि हसते कशी?" क्रिकेटमध्ये एकदा गेलात की दिवस संपला. इथे पुन्हा पाळी येते. घरी येताना गाडीत पोस्टमॉर्टम करू नका.

वेट रूमला घाबरू नका. "मुलगी दांडगट दिसेल" हे मीही थोरलीच्या वेळी म्हणाले, आता लाज वाटते. कोच शिकवतात तसं स्क्वॉट करू द्या आणि खायला घाला. शाकाहारी असाल तर मोड आलेली मटकी, पनीर, दाण्याची चटणी लावलेले धपाटे. चारला सुरू झालेला सामना आणि वर बसचा प्रवास, म्हणजे घरी यायला आठ वाजतात. धपाटे जरा जास्त द्या, अर्धे डगआउटमध्ये, संघाच्या बाकावरच, संपतात.

मास्कचं एकच सांगते. बॅटरच्या हेल्मेटला जाळी असतेच. पण पिचर, पहिला बेस आणि तिसरा बेस इथल्या मुलींनीही फील्डिंगचा मास्क घालावा, सक्ती असो वा नसो. मारणाऱ्या मुलींची ताकद वाढली, पण मैदान तेवढंच राहिलं. मैत्रिणी घालत नाहीत ही सबब ऐकू नका.

ट्रॅव्हल टीमवाले (शाळेबाहेरचे, गावोगाव खेळणारे संघ) भेटतील, स्कॉलरशिपची स्वप्नं दाखवतील. वर्षाचा खर्च हजारो डॉलरमध्ये जातो, हॉटेलं आणि पेट्रोल वेगळं. डिव्हिजन वनचे, म्हणजे कॉलेज खेळाच्या सगळ्यात वरच्या गटाचे, कोच अकरावीच्या १ सप्टेंबरआधी मुलीशी भरतीबद्दल बोलूच शकत नाहीत, त्यामुळे सातवीतल्या मुलीला "कॉलेजं बघतायत" म्हणणाऱ्याचं ऐकून चेक फाडू नका. डिव्हिजन थ्रीत तर खेळाची स्कॉलरशिपच नसते. मुलीला हौस आहे आणि तुम्हाला परवडतंय, तर जरूर जा. आम्ही दोन उन्हाळे गेलो, मजा आली, पैसे वसूल झाले नाहीत.

सामन्याला जाताना घडीची खुर्ची, एप्रिलमध्येसुद्धा ब्लँकेट, आणि गाडी कुंपणापासून लांब. आमच्या मैदानाचं कुंपण २०० फुटांवर आहे, त्यामागे लगेच पार्किंग. थोरलीच्या चार वर्षांत मी गाडी तिथेच लावायची, आत बसून चहा प्यायची. धाकटीच्या दुसऱ्याच आठवड्यात पुढची काच गेली. मारणारी आमच्याच संघातली होती, बेसवरून धावता धावता 'सॉरी आंटी' म्हणून हात हलवून गेली.