लोखंडी कंड्युटची अर्थिंग: सांधा पक्का तर भरवसा पक्का

वायरी ओढायला लोखंडी पाइप (कंड्युट) टाकला म्हणजे अर्थिंग आपोआप झाली, हे मी कुणाच्याही तोंडून ऐकून घेत नाही. पाइप सहसा दगा देत नाही, सांधे देतात.

हिशेब बघा. दाब 230 व्होल्ट, सर्किटवर 16 अँपिअरची सी प्रकारची एमसीबी, म्हणजे जास्त करंट वाहिला की आपोआप पडणारा स्विच. फेजची वायर लोखंडी बॉक्सला टेकली आणि दोषाच्या पूर्ण वाटेचा रोध 1 ओहम असला, तर 230 अँपिअर वाहतात आणि एमसीबी तत्क्षणी पडते. एका ढिल्या चेकनटमुळे (पाइप बॉक्सला आवळणारा नट) तोच रोध 10 ओहम झाला, तर वाहणार फक्त 23 अँपिअर. एवढ्यावर एमसीबी तासभरही तग धरू शकते, आणि तोवर बॉक्सवर जीवघेणा दाब उभा असतो.

म्हणून आधी मेन बंद करा, टेस्टरवर न विसंबता मीटरने खात्री करा, मग एकेक सांधा घ्या. बॉक्सच्या भोकाभोवतीचा रंग आतून-बाहेरून चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडा. रंगावर कितीही आवळलं तरी धातूला धातू लागत नाही. पाइपाच्या आट्यांवरचा गंज, सिमेंट ब्रशने काढा. चेकनट बॉक्सच्या पत्र्याच्या दोन्ही बाजूंना हवा. हाताने बसवून सोडू नका, पान्याने आवळा. कपलरमध्ये (दोन पाइप जोडणारा तुकडा) दोन्ही टोकांचे पुरेसे आटे गेलेच पाहिजेत. उघडा राहिलेला पत्रा नंतर बाहेरून रंगवा, नाहीतर गंज परत येतो.

लवचीक पाइपाच्या तुकड्यावर अर्थसाठी अजिबात विसंबू नका, तिथे वेगळी हिरवी वायर ओढा. खरं तर मी ती प्रत्येक कंड्युटमधून ओढतोच. ती बॉक्सच्या अर्थ स्क्रूला द्या आणि तिथून सॉकेटच्या अर्थ पिनला स्वतंत्र तुकडा द्या. सॉकेटचे दोन फिटिंग स्क्रू म्हणजे अर्थिंग नव्हे. बॉक्समध्ये न्यूट्रल आणि अर्थ कधीही जोडू नका.

आता तपासणी. मीटरच्या पिना एकमेकींना टेकवून त्यांचा रोध टिपा आणि तो वजा करा. मग एक पिन डीबीच्या (एमसीबी बसवलेली वितरण पेटी) अर्थ बारवर, दुसरी बॉक्सच्या उघड्या धातूवर. आकडा बघताना मदतनिसाला पाइप हलवायला सांगा. आकडा नाचला की सांधा ढिला. पण स्थिर आकड्यावरही थांबू नका: मीटर अगदी किरकोळ करंट सोडतो, केसाएवढा स्पर्शही त्याला पुरतो. दोषाचा शेकडो अँपिअर करंट तिथेच ठिणगी पाडतो. शेवटी वीज चालू करून जाणकाराकडून लूप इम्पीडन्स टेस्टरने सर्वांत लांबच्या बॉक्सवर दोषाच्या पूर्ण वाटेचा रोध मोजून घ्या आणि तो आकडा डीबीच्या झाकणाच्या आत लिहून ठेवा. पुढच्या तपासणीत तो वाढलेला दिसला, तर सांधे पुन्हा उघडा.